विषाचा हिशेब : मिथिल अल्कोहोलवरील नियंत्रणाचा फेरविचार

(खर्डा, तालुका जामखेड, येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खर्ड्याला आल्यावर किल्ल्याकडे पाऊल वळले नाही असा माणूस विरळा. मीही सकाळी तिकडे जाऊन आलो. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली, हे आपल्या शाळेतील मुलेही सांगतील. परंतु त्या लढाईचा शेवट मैदानावर झाला नाही. निजामअली मागे हटून याच किल्ल्यात येऊन बसला, मराठ्यांनी किल्ल्याला वेढा घातला, आतल्यांचे पाणी आणि रसद तुटली, आणि काही दिवसांतच त्याला तह करावा लागला. रसद तोडली की मोठे सैन्यही हतबल होते, हा त्या लढाईचा धडा आहे. आज मला ज्या शत्रूविषयी बोलायचे आहे, त्याच्याशी आपण वर्षानुवर्षे मैदानात लढत आलो. त्याची रसद तोडण्याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले.

हा शत्रू म्हणजे मिथिल अल्कोहोल अथवा मिथेनॉल हा औद्योगिक विद्रावक.

उपयुक्त, पण घातक

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मिथेनॉल हा उद्योगाचा शत्रू नव्हे. पूर्वी लाकूड बंद भांड्यात तापवून ते मिळवीत, म्हणून त्याला लाकडाचे स्पिरिट म्हणत. १९२३ मध्ये जर्मनीत ते वायूपासून मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत बसली आणि तेव्हापासून ते रासायनिक उद्योगाचा एक मोठा आधार बनले. प्लायवूड चिकटवणारी रेझिने ज्यापासून होतात ते फॉर्माल्डिहाइड, कित्येक औषधे, रंग, वार्निश, थिनर, जैविक डिझेल या सर्वांमागे मिथेनॉल आहे. आपला देश त्याचा बराच मोठा भाग परदेशातून आणतो. इंधन म्हणूनही त्याचे प्रयोग चालू आहेत; आसामात २०१८ मध्ये मिथेनॉलवर चालणारी स्वयंपाकाची शेगडी लोकांपुढे आली. म्हणजे या द्रव्याचा वापर पुढील काळात वाढण्याचा संभव आहे, कमी होण्याचा नाही.

अडचण अशी की, दारूतील इथिल अल्कोहोल आणि हे मिथिल अल्कोहोल ही सख्खी भावंडे दिसतात. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, दोन्ही पाण्यात मिसळणारी, वासही जवळजवळ सारखा. जिभेला फरक कळत नाही. घरच्या घरी करता येईल अशी खात्रीची चाचणीही नाही. ज्वालेच्या रंगावरून ओळखता येते असे काही जण सांगतात, त्यावर कोणीही विसंबू नये.

शरीर मात्र फरक ओळखते. यकृतात मिथेनॉलचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल रक्तात साचते आणि डोळ्याच्या मज्जातंतूवर प्रथम घाला घालते. सुमारे दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल पोटात गेले तर दृष्टी जाऊ शकते, तीस मिलिलिटर प्राण घेऊ शकते. चहाच्या लहान कपाचा निम्मा भागही नव्हे! शिवाय हे विष लगेच उठत नाही. बारा ते चोवीस तास माणूस नुसता गुंगीत असल्यासारखा वाटतो. बरोबर साधी दारू घेतलेली असेल तर आणखी उशीर लागतो. "उतरेल आपोआप" म्हणून घरची माणसे त्याला निजू देतात आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

घडलेल्या घटना काय सांगतात

आपल्याच जिल्ह्यातील नगर तालुक्यात पांगरमल हे गाव आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत तेथे एक जेवणावळ झाली. तीत वाटलेल्या विषारी दारूने माणसे दगावली. ही बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात तयार होत होती, असे पोलिसांच्या तपासातून त्या वेळी पुढे आले. लोकशाहीचा उत्सव आणि आरोग्याचे मंदिर या दोहोंच्या सावलीत हे घडले. आपणा सर्वांना अंतर्मुख करणारी ही गोष्ट आहे.

त्याआधी दोन वर्षे, जून २०१५ मध्ये, मुंबईतील मालाडच्या मालवणी वस्तीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती बहुतेक हातावर पोट असणारी होती. या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. चार जणांना दहा वर्षांची शिक्षा झाली, दहा जण सुटले. शेजारच्या गुजरातेत २००९ मध्ये अहमदाबादेत अशीच शंभराहून अधिक माणसे मेल्यानंतर तेथील दारूबंदी कायद्यात देहदंडापर्यंतच्या शिक्षेची तरतूद करण्यात आली. तरीही जुलै २०२२ मध्ये बोटाद जिल्ह्यात आणि परिसरात चाळीसहून अधिक बळी पडले. तेथे पाजले गेले ते मिथेनॉल एका रासायनिक कंपनीच्या गोदामातून पळवलेले होते.

या घटना एकापुढे एक ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. गूळ-नवसागराच्या हातभट्टीत आंबवण्याच्या क्रियेने जे मिथेनॉल तयार होते ते अगदी अल्प असते. ती दारू आरोग्याला आणि संसाराला घातक आहेच, त्याविषयी वाद नाही. पण एका रात्रीत गावेच्या गावे शोकात लोटणारी दुर्घटना बहुधा भट्टीतून जन्मत नाही. ती कारखान्यासाठी आलेल्या विद्रावकाच्या पिंपातून जन्मते. कोणाच्या तरी गोदामातून, टँकरमधून किंवा दुकानातून ते पिंप वाट चुकते. म्हणून फाशीची भीती घालूनही जे थांबले नाही, ते पिंपाच्या हिशेबाने थांबवता येईल काय, हा माझ्या भाषणाचा मुख्य प्रश्न आहे.

जेथे कर, तेथे मोजमाप

सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ आपल्या जिल्ह्यात, प्रवरानगरला झाला. साखरेमागोमाग मळी आली, मळीमागोमाग आसवन्या आल्या. ज्यांनी आसवनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे की, तेथील इथिल अल्कोहोलचा थेंब न् थेंब मोजला जातो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा अधिकारी देखरेखीला असतो. साठ्याला कुलूप, वाहतुकीला पास, तुटीला जाब. कारण त्या द्रव्याशी राज्याचा महसूल निगडित आहे.

मिथेनॉल पिण्यायोग्य नाही, म्हणून त्यावर दारूचा कर नाही. वस्तू व सेवा कर त्यावर लागतो. पण तो विक्रीच्या किमतीवर लागतो. माल पोहोचल्यावर पिंपाचे पुढे काय झाले, हे विचारणे त्या कराचे काम नाही. परिणाम असा झाला आहे की, ज्या अल्कोहोलने माणूस झिंगतो त्याचा हिशेब काटेकोर, आणि ज्याने तो आंधळा होऊन मरतो त्याचा हिशेब सैल. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही. कायद्याची घडणच तशी होत गेली.

ही घडण कशी आहे ते पाहू. विषांच्या विक्रीसंबंधी आपला मूळ कायदा १९१९ चा विष अधिनियम. त्याच्या कलम २ ने विषांची विक्री आणि विक्रीसाठी साठा यांवर नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे. आपल्या राज्याचे नियम १९७२ चे आहेत. नुसते विष बाळगण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार कलम ४ मध्ये आहे. पण तो कोठे? ज्या भागात विष घालून खून करण्याचे किंवा गुरे मारण्याचे प्रकार वारंवार घडतात तेथे. यावरून कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय होते ते उघड होते. सोमलाची पुडी आणि दावणीची गुरे! टँकर भरून येणारे विष त्यांनी कल्पिले नव्हते. नियमभंगाला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. १९१९ मध्ये पाचशे रुपये ही मोठी रक्कम होती. आज एका पिंपाच्या चोरट्या नफ्यापुढे ती काहीच नाही.

याखेरीज १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली घातक रसायनांचे १९८९ चे नियम आहेत. कारखाने अधिनियमात कामगाराच्या श्वासातून जाणाऱ्या मिथेनॉलच्या वाफेची मर्यादा दिली होती. आठ तासांच्या सरासरीला ती हवेच्या दहा लाख भागांत दोनशे भाग इतकी होती. दारूबंदीचा कायदा वेगळा आहे. म्हणजे एकाच पिंपाकडे अनेक खाती पाहतात, पण प्रत्येक खाते त्याची एकच बाजू पाहते. कारखान्याच्या फाटकातून ते बाहेर पडले की, पाहणारे कोणीच उरत नाही.

दुरुस्ती कोणती हवी

येथे एक अनुकूल गोष्ट नमूद केली पाहिजे. औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रण केंद्राचे की राज्याचे, हा वाद अनेक वर्षे न्यायालयांत होता. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, औद्योगिक अल्कोहोलचे नियमन करण्याचा अधिकार राज्यांना आहे. मद्यार्काचा सार्वजनिक आरोग्याला होणारा धोका हा या विचाराचा एक आधार होता. राज्यांचे हात मोकळे झाल्यावर जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

माझ्या अल्प मतीप्रमाणे दुरुस्ती पाच अंगांनी व्हावी.

पहिले, एक खाते पूर्ण जबाबदार असावे. इतर खात्यांनी साहाय्य करावे. पण "हे आमच्याकडे येत नाही" असे उत्तर देण्याची मुभा कोणालाही राहू नये. तामिळनाडूत मिथिल अल्कोहोल आणि वार्निश यांचे नियम १९५९ पासून मद्यनिषेध कायद्याखालीच आहेत. तरीही जून २०२४ मध्ये कल्लकुरिची येथे साठांहून अधिक माणसे मिथेनॉलने मेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. केवळ खाते ठरवून भागत नाही, पुढची अंगेही लागतात.

दुसरे, हिशेब शेवटच्या वापरणाऱ्यापर्यंत न्यावा. विकणाऱ्याची नोंदवही असून उपयोग नाही, विकत घेणाऱ्याचीही हवी. किती आले, किती वापरले, किती माल त्यातून तयार झाला, किती उरले, यांचा मेळ दरमहा बसला पाहिजे. बोटादला गेलेले मिथेनॉल दुकानातून विकलेले नव्हते, गोदामातून चोरलेले होते. त्या गोदामाचा साठा रोज मोजला गेला असता तर तूट दुसऱ्या दिवशी दिसली असती. टँकरला सील, मार्गाची नोंद आणि पोहोचल्यावर पुन्हा मोजमाप हवे. संगणकावरून घरबसल्या होणारी विक्रीही या हिशेबातून सुटू नये.

हे अशक्य नाही. ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आदेश दिले : विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव-पत्ता लिहावा, ओळखपत्र पाहावे, खरेदीचे कारण नोंदवावे, अठरा वर्षांखालील व्यक्तीला विकू नये, साठा पंधरा दिवसांत प्रांत अधिकाऱ्यांना कळवावा, आणि चूक झाल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा. भगिनींच्या रक्षणासाठी जे ॲसिडला लागू झाले, ते मजुरांच्या रक्षणासाठी मिथेनॉलला लागू करण्यास हरकत कोणती?

तिसरे, किरकोळ विक्रीतील मालाला रंग आणि कडूपणा द्यावा. औषधांच्या कारखान्याला शुद्ध द्रव्य लागते, तेथे हे चालणार नाही. परंतु थिनर आणि पॉलिशसाठी जे लहान डब्यांतून विकले जाते, त्यात अतिकडू पदार्थ मिसळणे शक्य आहे. जिभेला फरक कळत नाही ही मिथेनॉलची खोड आहे, ती अशाने काही अंशी मोडेल.

चौथे, जेथे कमी घातक विद्रावकाने काम भागते तेथे मिथेनॉलला परवानगी देऊ नये. युरोपीय संघाने मोटारीच्या काचा धुण्याच्या द्रवात, सर्वसाधारण ग्राहकाला विकताना, शेकडा ०.६ किंवा त्याहून अधिक मिथेनॉल असण्यास २०१९ पासून मनाई केली आहे. अशी एकेक वस्तू तपासून यादी करता येईल.

पाचवे, दंडाची रक्कम आजच्या काळाशी जुळती करावी आणि शिक्षा केवळ मृत्यूनंतर नव्हे, तर हिशेबातील तुटीसाठीही असावी. माणसे मेल्यावर खटला उभा करणे अवघड असते. कोणत्या पिंपातून कोणाच्या पेल्यात काय गेले, हे सिद्ध करण्यात वर्षे जातात. शंभर लिटरची तूट मात्र नोंदवहीच्या एका पानावर सिद्ध होते.

यावर उद्योजक बंधू म्हणतील की, आणखी एक नोंदवही, आणखी एक तपासनीस! त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. ज्या लहान कारखानदाराचे दोन पिंपांवर पोट आहे, त्याला चार कार्यालयांचे उंबरठे झिजवायला लावणे योग्य नव्हे. म्हणूनच एक खाते, एक परवाना आणि एक हिशेब असावा असे मी म्हणतो. प्रामाणिक माणसाला याचा त्रास होणार नाही, उलट त्याच्या गोदामातली चोरी त्याला वेळीच कळेल.

गावाने काय करावे

आपण म्हणाल, खर्ड्यात मिथेनॉलचा कारखाना कोठे आहे? कारखाना नसेल, पण वापर आहे. काल संध्याकाळी पेठेतून जाताना एका सुताराच्या दुकानात चपड्याच्या पॉलिशसाठी आणलेले स्पिरिट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले पाहिले. शेजारीच त्याच्या पोराची प्यायच्या पाण्याची तशीच बाटली होती. त्याला समजावले तेव्हा त्याने तत्काळ बाटली बदलली. स्पिरिट आणि थिनर यांत मिथेनॉल असू शकते आणि ते कातडीतूनही अंगात जाते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. असे लहान धंदे कारखान्याच्या कायदेशीर व्याख्येत बसत नाहीत. तेथे निरीक्षक पोहोचणार नाही, शेजारी पोहोचू शकतो.

गुरुजनांना माझी विनंती आहे की, प्रयोगशाळेतील स्पिरिट कुलपात ठेवावे, बाटलीवर ठळक मराठीत "विष" लिहावे आणि वापराची नोंद ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची वाफ सहज पेट घेते, आणि मिथेनॉलची ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. पेटता दिवा असताना त्यात स्पिरिट कधीही ओतू नये.

पंचायतीच्या सदस्यांकडे अधिकार आहेत. दारूबंदी अधिनियमात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलांना कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी आग्रह धरला होता. हे दल केवळ हातभट्टी शोधण्यापुरते नसावे. अनोळखी पिंपे, कॅन आणि खुणा पुसलेले डबे गावात आले तर पोलीस पाटलांना व तहसील कार्यालयाला कळवणे, हेही त्याचे काम मानावे. खर्डा बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेलगत आहे. हद्दीचा फायदा घेणारे नेहमी अशाच जागा शोधतात.

निवडणूक, जत्रा आणि टाळेबंदी या तीन वेळा विशेष धोक्याच्या. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सात जण सॅनिटायझर पिऊन मृत्युमुखी पडले. व्यसनी माणूस विचार करण्याच्या स्थितीत नसतो, त्याच्यासाठी इतरांनी विचार करावा लागतो.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोणी दारू प्याल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसते म्हणाला, डोळ्यांपुढे पांढुरका पडदा आला, पोटात कळ, वांती, जोराचा श्वास असे झाले, तर त्याला निजू देऊ नका. पोलिसांच्या भीतीने लपवूही नका. लिंबू-ताक पाजण्यात वेळ न घालवता रुग्णालयात न्या आणि "विषारी दारूचा संशय आहे" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वेळेत पोहोचले तर या विषावर उतारा आहे, आणि डायलिसिसने ते रक्तातून काढता येते. त्याच्याबरोबर ज्यांनी ज्यांनी ती घेतली असेल, त्यांनाही शोधून न्या, जरी ते ठणठणीत दिसत असले तरी!

बंधुभगिनींनो, याच तालुक्यातील चौंडी गावी अहिल्यादेवींचा जन्म झाला. त्यांचे नाव आता आपल्या जिल्ह्याला मिळाले आहे. त्यांच्या कारभाराची ख्याती चोख हिशेबासाठी होती, आणि तो हिशेब रयतेच्या हितासाठी होता. शासन जेव्हा या नियमांच्या दुरुस्तीसाठी सूचना मागवील, तेव्हा खर्ड्याच्या ग्रामसभेचा ठराव त्यात असावा. ठराव लांबलचक नको. या विषाच्या प्रत्येक पिंपाचा हिशेब ठेवा, एवढीच मागणी त्यात असू द्या.



जय हिंद! जय महाराष्ट्र!